हेरेकर सरांचा समतोल

बेळगावला टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापासून थोडं आत हेरेकर सरांचा बंगला होता. बंगल्याचं नाव ‘समतोल’. फाटकावर ते मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत कोरलेलं होतं. तिन्ही ओळी सारख्याच लांबीच्या दिसाव्यात म्हणून सरांनी पाटी तीनदा करून घेतली होती. कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. मराठीत रागवत, कन्नडात भाजी घेत आणि इंग्रजीत चुकत. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास एका शिष्यवृत्तीवर ते वर्षभर अमेरिकेत राहून आले. त्या वर्षाबद्दल ते पुढची दहा वर्षं बोलत होते.

येताना त्यांनी एक पेटी आणली होती. पेटीत तीन पातळ पुस्तकं आणि पाच फासे. एक फासा आपल्यासारखा सहा बाजूंचा, बाकीचे चार, आठ, बारा, वीस अशा बाजूंचे. हा खेळ बोर्डावर खेळत नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. एकानं खेळवणारा व्हायचं आणि गुहेत काय आहे, पुलावर कोण उभं आहे, हे सांगायचं. बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. लढाया जिंकल्या की पात्र मोठं होतं, नवे मंत्र मिळतात, जादूच्या वस्तू सापडतात. डाव वर्षानुवर्षं चालतो.

खेळवणारा कोण होणार हा प्रश्न सरांच्या घरी उद्भवलाच नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही जमायचो. सर टाय लावून बसत. त्यांना हात असलेली खुर्ची, आम्हाला स्टुलं. समोर टेबलावर सोनाराचा एक लहान पितळी काटा ठेवलेला असायचा. त्यात कधी काही तोललं गेल्याचं मी पाहिलं नाही. एखादा निर्णय द्यायचा असला की सर काट्याच्या दांडीला बोट लावत, ती डुलू देत आणि थांबली की बोलत. दांडी कुठे थांबली याचा निर्णयाशी संबंध नसे. “समतोल म्हणजे सभ्यता,” हे त्यांचं वाक्य. ते आम्ही इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे सर दांडीला बोट लावायचे आणि सुमनताई खालच्या आवाजात ते आधीच म्हणून टाकायच्या.

सुमन कांबळे निपाणीच्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. दोन बहिणींना शिकवून आणि बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लावून त्यांनी घर उभं केलं होतं. सुमनताई बेळगावात टेलिफोन खात्यात होत्या. दिवसभर लोकांना जोडून द्यायचं आणि स्वतः मध्ये बोलायचं नाही, अशी त्यांची नोकरी. त्यामुळे रविवारी त्या भरपूर बोलायच्या. त्यांचं पात्र योद्ध्याचं होतं. मी एका विमा कचेरीत कारकून होतो आणि खेळात चोर. माझ्याबद्दल एवढं पुरे.

तिसरा काशीनाथ. बेळगावातल्याच शहापूरचा. घरी दोन पॉवरलूम आणि वडिलांचा एक जुना हातमाग. सरांचा तो विद्यार्थी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वर्गात पहिला आला आणि दुसऱ्या वर्षी वडील गेले म्हणून मागावर बसला. सरांनी त्याला खेळायला बोलावलं ते प्रेमानंच बोलावलं असेल, हे मला मान्य करायला हवं. सरांच्या बाजूनं आणखी एक सांगतो. गुहेचं वर्णन ते फार छान करायचे. पाणी ठिबकतंय, भिंतीला हात लावला तर भिंत कोमट लागतेय, असं ते सांगायचे तेव्हा आम्ही खरोखर गप्प व्हायचो. तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

काशीनाथनं जादूगार घेतला. या खेळात जादूगार सुरुवातीला अगदी दुबळा असतो. जीव चार गुणांचा. मांजरानं बोचकारलं तरी मरेल असा. दिवसाला एकच मंत्र. तो टाकला की उरलेली लढाई इतरांच्या पाठीमागे कंदील धरून काढायची. पण टिकला, तर दोन-तीन वर्षांनी त्याच्या हाती मोठे मंत्र येतात आणि मग सगळे त्याच्या मागे उभे राहतात. आधी सोसायचं आणि मग मिळवायचं, असा हा करार. कोणीही दुसरं पात्र घेईल. काशीनाथला मात्र त्यात काहीच जगावेगळं वाटलं नाही.

“सर, मागावर बी असंच असतंय की,” तो म्हणाला. “ताणा भरायला आठ दिवस जातात. आठ दिवसांत वीतभर कापड दिसत न्हाय.”

पहिल्याच महिन्यात सरांनी बारा दरोडेखोरांची टोळी आणली. ती तीन रविवार पुरवायचा त्यांचा बेत होता. काशीनाथनं आपला एकुलता एक निद्रामंत्र टाकला आणि फासा असा पडला की बाराही दरोडेखोर रस्त्यावर घोरू लागले. सुमनताईंनी त्यांना दोरीनं बांधलं, मी खिसे तपासले. चार मिनिटांत तीन रविवार संपले. सरांचा चेहरा वर्गात कोणी शिट्टी मारल्यावर व्हायचा तसा झाला.

पुढच्या रविवारी ते एक कागद घेऊन आले. समतोलासाठी निद्रामंत्रात दुरुस्ती: ज्यांना आधीच जांभई आलेली आहे त्यांच्यावरच तो चालेल.

“मग मंत्र कशाला?” सुमनताई म्हणाल्या. “थोडं थांबलं तरी झोपतीलच की.”

सरांनी दांडीला बोट लावलं.

मग ती सवयच झाली. आम्हाला जे सापडायचं ते पुढच्या रविवारी कमी व्हायचं. सुमनताईंना उडती चटई मिळाली. दुरुस्तीनंतर ती जमिनीपासून वीतभरच उडू लागली. “म्हणजे सतरंजीच झाली ही,” ताई म्हणाल्या. मला अदृश्य करणारा झगा मिळाला; त्यात शिंकायची बंदी आली, आणि त्यानंतर सर मला दर खोलीत धूळ दाखवू लागले. प्रत्येक दुरुस्ती सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, एका फायलीत लागायची. फायलीवर ‘समतोल-सूत्रे’ असं लिहिलं होतं. खेळाचं मूळ पुस्तक तिच्यापुढे बारीक दिसू लागलं.

चहाचीही एक गोष्ट आहे. चार वाजता चहा यायचा. सरांचा अमेरिकेतल्या मोठ्या मगात, काशीनाथचा आणि माझा कपबशीत, आणि सुमनताईंचा काचेच्या पेल्यात. तीन-चार रविवार कोणी काही बोललं नाही. मी बोललो नाही, हेही इथे लिहून ठेवतो. मग एकदा ताईंनीच विचारलं, “सर, मला कप का न्हाय?”

“पाचच कप आहेत हो घरात,” सर म्हणाले. “एक फुटला.”

“आम्ही चौघंच हाय की, सर.”

सरांनी काट्याकडे पाहिलं, पण बोट लावलं नाही. पुढच्या रविवारी ताई पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यात ओता. तुमचे कप बी राहतील, आणि माझा मान बी.” सर त्यावर मोठ्यानं हसले आणि म्हणाले की विनोदबुद्धी हवीच. पुढची दोन वर्षं चहा त्या पेल्यात ओतला गेला. सरांनी कॉलेजात समतेवर भाषण दिलं तेव्हा ताईंनी रजा काढून ते ऐकलं आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरांना ते फार आवडलं.

तिसऱ्या वर्षी आप्पासाहेब इनामदार आले. इनामदार वकील, सत्तरीला टेकलेले, कॉलेजच्या संचालक मंडळावर. उपप्राचार्यांची जागा त्या वर्षी मोकळी होणार होती. एका लग्नात सरांनी त्यांच्यापुढे खेळाचं वर्णन केलं आणि आप्पासाहेब सहज म्हणाले, “बघू या एकदा.” पुढच्या रविवारी हात असलेली दुसरी खुर्ची आली.

आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यांना झोप यायची, एवढंच. नियमाप्रमाणे नवं पात्र शून्यापासून सुरू होतं. आप्पासाहेबांच्या सरदाराला मात्र पहिल्याच दिवशी वाटेत एक तलवार पडलेली सापडली. ती तलवार आपोआप वार करायची, म्हणजे आप्पासाहेब झोपले तरी चालत असे. दुसऱ्या रविवारी चिलखत सापडलं. तिसऱ्या रविवारी एक अंगठी, जिच्यापुढे कोणाचाही कुठलाही मंत्र चालत नाही.

“आणि समतोल, सर?” मी विचारलं.

“अनुभव,” सर म्हणाले. “आप्पासाहेबांच्या वयाचा अनुभव मोजला तर ते आपल्यापेक्षा मागेच आहेत.”

आप्पासाहेब जागे झाले आणि म्हणाले, “मेलं का ते?”

“मेलं, आप्पासाहेब.”

“बरं.”

याच सुमारास काशीनाथचा जादूगार त्या पायरीला पोचला जिथे अग्निगोल मिळतो. अग्निगोल म्हणजे एका हाताच्या फेकीत सगळी गुहा पेटवणारा मंत्र. तीन वर्षं तो यासाठी कंदील धरून उभा होता. त्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सरांनी फाईल उघडून नवं सूत्र वाचलं: अग्निगोलाचा परिणाम निम्मा, आणि टाकणाऱ्याचा हात भाजेल.

काशीनाथनं हातातला फासा टेबलावर ठेवला. “सर, आधी सांगितला असता तर दुसरं पात्र घेतलो असतो,” तो म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही.

वाटेत, रेल्वे गेट बंद होतं म्हणून आम्ही तिघं थांबलो होतो, तेव्हा सुमनताई त्याच्यावर खेकसल्या. “काशी, तू काय माती हाईस काय रं? बोलला का न्हाईस?”

“आक्का, बोलून काय? दाखवावं लागतंय.”

तो दाखवणार होता ते काय, हे पुढच्या महिन्यात कळलं. साडीच्या काठाची नक्षी काढायला मागवाले बारीक चौकटींचा कागद वापरतात. तसा एक लांब कागद काशीनाथनं आणला. तीन वर्षांचा प्रत्येक रविवार त्यानं वहीत टिपून ठेवला होता: कोणी काय टाकलं, काय लागलं, कोण नुसतं उभं राहिलं. ते सगळं त्यानं कागदावर चढवलं होतं. एका पात्राची एक आडवी ओळ, एका रविवारचा एक चौकोन. काही चौकोन निळ्या शाईनं भरलेले, काही कोरे. खाली चार ओळींत उपाय.

उपाय त्यानं आम्हा दोघांना आधी सांगितला होता. मागाच्या पाठीमागे ताण्याचे उभे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या बीमला वजन टांगलेलं असतं. एका बाजूचे धागे जास्त ताणले तर वजन सरकवायचं; धागे कापत बसायचे नाहीत. खेळातही तसंच. कोणाचा मंत्र छाटायचा नाही. मोठा मंत्र टाकायला वेळ लागावा, आणि तेवढा वेळ इतरांनी जादूगाराला राखावं, म्हणजे सगळ्यांना काम. जादूची वस्तू मोजून इतक्या वेळाच चालावी, मग ती तलवार असो की अंगठी. आणि ज्याला बरेच रविवार काही करता आलं नसेल, त्याचं ओझं त्या प्रमाणात उतरवावं. मी गेल्या चाळीस वर्षांत न्यायाबद्दल बरंच काही वाचलं आहे. याहून सरळ फारसं काही वाचलेलं नाही.

काशीनाथनं कागद सरांपुढे ठेवला. “सर, वाचताना एकदा मला बोलवा. सांगतो कसं वाचायचं ते.”

“काशीनाथ,” सर हसले, “आलेख वाचायला मी शिकवतो.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शहापुरातल्या किती तरी मागांवर साडी उलटी विणतात. चांगली बाजू खाली, पाठ वर. विणणारा दिवसभर साडीची पाठच बघतो. म्हणून काशीनाथच्या घरात नक्षीच्या कागदावर भरलेला चौकोन म्हणजे चांगल्या बाजूला न दिसणारा धागा. त्याच सवयीनं त्यानं हा कागद भरला होता: ज्या रविवारी जो दिसला नाही, त्याचा चौकोन निळा. जादूगाराची ओळ जवळजवळ पूर्ण निळी होती. आप्पासाहेबांच्या सरदाराची कोरी करकरीत.

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं तो कागद पाहिला आणि त्याला दिसलं की जादूगार सगळा खेळ खातोय आणि बिचाऱ्या आप्पासाहेबांच्या वाट्याला काहीच येत नाही. त्याला तेच हवं होतं. माणूस चूक करतो तेव्हा ती बहुधा त्याच्या सोयीची असते.

चार महिने सर त्या कागदाबद्दल बोलले नाहीत. मग एका रविवारी अमेरिकेहून आलेलं एक मासिक त्यांनी टेबलावर ठेवलं. या खेळाला वाहिलेलं मासिक होतं ते. आत पाऊण पान मजकूर, कोष्टकासकट: ‘प्रोफेसर हेरेकर यांचा समतोलाचा नियम’. वजन, बीम, सरकवणं, सगळं होतं. काशीनाथचं नाव नव्हतं. आणि नियम उलटा होता. ज्याचे चौकोन भरलेले, त्याच्यावर तितकं ओझं. ज्याचे कोरे, त्याला तितकी सूट.

काशीनाथनं एकदा वाचलं, दोनदा वाचलं. “सर, ह्यात एक–”

“तुझा उल्लेख करणार होतो,” सर म्हणाले. “जागा नव्हती.”

“ते न्हाय सर. हिशोब उलटा–”

“काशीनाथ, गणित तुझं की माझं?”

काशीनाथनं मासिक मिटलं, काठ जुळवून टेबलावर ठेवलं. परत येताना ताईंनी त्याला विचारलं की उद्या कॉलेजात जाऊन सगळ्यांपुढे का सांगत नाहीस. तो म्हणाला, “नाव न्हाय घातलं तर न्हाय. पण आक्का, माझा जादूगार त्या कोष्टकात मरणार. तेवढं नको व्हायला.” ते पात्र म्हणजे एक दुमडून दुमडून मऊ झालेला कागद होता, पण तीन वर्षांत एकाही लढाईत तो मेला नव्हता. बाकी आम्ही सगळे एकेकदा मरून पुन्हा सुरू झालो होतो.

कॉलेजच्या वार्षिक संमेलनात सरांनी खेळाचं प्रात्यक्षिक ठेवलं. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत संचालक मंडळ. स्टेजवर टेबल, फळा, काटा, फ्रेममध्ये घातलेलं मासिकाचं पान, आणि आम्ही चौघं. सर एक तास बोलणार आणि शेवटी आप्पासाहेब राक्षसी नागाला मारणार, मग फराळ, असा कार्यक्रम. उपप्राचार्यांची निवड त्याच आठवड्यात होती, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी दोन मिनिटं गुहेचं वर्णन केलं. छानच केलं. मग नाग आला. आप्पासाहेबांनी फासा टाकला, शिपायानं वाकून आकडा वाचला, “चार.” चार म्हणजे काहीच नाही. पण सरांच्या कोष्टकाप्रमाणे कोऱ्या चौकोनांची सूट त्यात मिळवायची होती. मिळवत मिळवत सर त्रेचाळीसपर्यंत गेले. नागाचा जीव तीस होता.

“मेलं का ते?” आप्पासाहेबांनी विचारलं.

नाग मेला होता. एकूण तीन मिनिटं झाली होती. मागून बटाटेवड्याच्या तेलाचा नुसता वास येत होता, वडे अजून यायचे होते. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. सरांनी दांडीला बोट लावलं, आणि या वेळी ती थांबायची वाट पाहिली नाही.

“पण!” सर म्हणाले. “हा नाग म्हणजे केवळ आभास होता! खरा शत्रू आपल्यातच उभा आहे!” आणि त्यांनी काशीनाथकडे बोट केलं.

सभागृह पुढे सरकून बसलं. लोकांना हे कळत होतं.

“सर,” काशीनाथ उठला, “माझा जादूगार आपल्या सगळ्यांच्या बाजूचा हाय. तीन वर्षं हाय.”

“आता नाही,” सर म्हणाले.

“मी काय केलो?”

“गद्दार असंच विचारतात.” हशा झाला.

“मग मी बी गद्दार व्हय, सर?” सुमनताई मध्येच म्हणाल्या. “का माझी सतरंजी बघून सोडलासा?” त्यालाही हशा झाला, पण सरांनी ताईंकडे पाहिलं नाही.

काशीनाथ म्हणाला, “मला एक मंत्र टाकायचा हाय. अग्निगोल.” त्यानं वीस बाजूंचा फासा उचलला आणि टाकला. शिपायानं वाचलं, “वीस.” याहून मोठं काही पडत नाही. सभागृहात कोणीतरी “वाह” म्हणालं.

सरांनी अंगठीची आठवण करून दिली असती तरी काम झालं असतं. पण त्यांना नियम दाखवायचा होता. त्यांनी विसाचे निम्मे केले, मग तीन वर्षांच्या निळ्या चौकोनांचं ओझं वजा करायला लागले. शून्याशी ते थांबतील असं मला वाटलं. ते खाली उतरत गेले आणि उणे नव्वदला पोचले.

“म्हणजे,” सर फळ्याकडे बघत म्हणाले, “या अग्निगोलानं आप्पासाहेबांना नव्वद गुणांची शक्ती मिळाली.”

लोक पोट धरून हसले. सरांना वाटलं, कार्यक्रम रंगला. आणि रंगलाच होता. मग आप्पासाहेबांच्या तलवारीनं आपोआप वार केला आणि जादूगार मेला. टाळ्या पडल्या. वडे आले. काशीनाथनं आपला मऊ कागद घडी घालून खिशात ठेवला, बाजूच्या पायऱ्यांनी उतरला आणि लोकांमधून वाट काढत निघून गेला. वेळ भरून काढायला मारलं होतं त्याला. तेवढ्यासाठीच.

आठवड्यानं हेरेकर सर उपप्राचार्य झाले. आम्ही टिळकवाडीला जायचं बंद केलं. त्यांनी बोलावलंही नाही; जागा मिळाली होती, आता आप्पासाहेबांना खेळवायची गरज उरली नव्हती.

काशीनाथच्या घरी रविवारी माग बंद असायचे. दोन मागांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून आम्ही पुन्हा सुरू केलं. फासे लाकडाचे, काशीनाथनंच तासून केलेले. आता तो खेळवायचा, आणि त्याचा नियम सरळ चालायचा. तलवार दहा वेळा चालून बोथट व्हायची. मंत्र टाकायला चार श्वास लागायचे आणि ते चार श्वास आम्ही जादूगाराभोवती उभे राहायचो. शेजारचे दोघं-तिघं यायला लागले. मी एकदा त्याला म्हटलं की तुझा जादूगार जिवंत कर, आता खेळवणारा तूच आहेस. तो म्हणाला, “मी खेळवतो म्हणून उठवला तर सरांच्यात आणि माझ्यात काय फरक?” पण तो कागद त्यानं टाकला नव्हता. वहीच्या पुठ्ठ्यात होता.

वर्षभरानं एका रविवारी दुपारी सर दारात उभे. टाय होता. स्कूटर त्यांनी गल्लीत लावली होती.

“सहज आलो,” ते म्हणाले.

सुमनताईंनी सरकून जागा केली. सर बसले नाहीत. थोडं इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. अमेरिकेहून त्या मासिकाच्या एका वाचकाचं पत्र होतं. सरांनी ते आम्हाला दिलं नाही, पण मजकूर सांगितला, आणि तोही मोकळेपणानं नाही. या कोष्टकानं बलवान आणखी बलवान होतो आणि दुबळा मरतो, असं त्या माणसाला वाटत होतं. त्याला एवढंच विचारायचं होतं की हा नियम प्रोफेसरांनी विनोद म्हणून लिहिला आहे का.

“त्याला उत्तर द्यायचं आहे,” सर म्हणाले. “मूळ कागद बघितला. गणित बरोबर आहे. तरी…” आणि ते काशीनाथकडे बघत राहिले.

मला वाटलं, आता काशीनाथ म्हणेल, आधी माझं नाव. ताईंना तर नुसतं वाटलं नाही. “काशी, फुकट सांगू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “आधी नाव घालतो म्हणू दे. आणि तो जादूगार चुकून मेला असं बी लिहू दे.”

“एवढंच, सर,” काशीनाथ म्हणाला. “दोन ओळी.”

सरांनी विचार केला. खरोखर केला; ते मला दिसत होतं. “तिकडच्या लोकांना,” ते सावकाश म्हणाले, “मधेच नवीन नाव आलं तर गोंधळ होतो, काशीनाथ.”

काशीनाथ उठला. मागावर अर्धी साडी होती. त्यानं सरांना जवळ बोलावलं, कापडाची कड उचलली आणि खालची बाजू दाखवली. वर नुसते लोंबते धागे. खाली मोरांची रांग. “आम्ही पाठ बघून विणतो, सर. कागद बी तसाच भरतो. निळा म्हणजे न दिसलेला. मी बोलावा म्हणालो होतो.”

सर वाकले आणि खालून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग सरळ उभे राहिले, टाय नीट केला.

“मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “छापखान्यात उलटलं असणार.”

काशीनाथनं एक कोरा पात्राचा कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि सरांपुढे धरला. “बसा, सर. एक जागा हाय. जादूगाराची.”

सरांनी वाचलं. जीव चार. मंत्र एक. “एवढंच?”

“सुरुवातीला एवढंच असतंय.”

“अंगठी वगैरे?”

“न्हाय, सर.”

संचालक मंडळाची बैठक आहे, असं म्हणून सर निघाले. रविवारी दुपारी बैठक. कागद त्यांनी आमच्या सतरंजीवर ठेवला, अगदी हलक्या हातानं. त्याची कड वाऱ्यानं उचलली, म्हणून ताईंनी वर फासा ठेवला.

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. तेवढ्यात शेजारच्या घरातल्यांनी हातमागाचा ताणा गल्लीत पसरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीइतक्या उंचीवर शेकडो ओले धागे, खळ लावून उन्हात वाळत घातलेले. शहापुरात हे रोजचं. बायका, पोरं, दुधाची किटली घेतलेला म्हातारा, सगळे खाली वाकून पलीकडे जात होते. सरांची स्कूटर पलीकडे होती.

“किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“वाळेपर्यंत,” ताण्याजवळची बाई म्हणाली. “वाका की, सर. सगळे वाकूनच जात्यात.”

सरांनी हात मागे बांधले आणि उभे राहिले. आतून सुमनताईंनी माझ्या चोराची पाळी आली म्हणून हाक मारली. मी वळलो. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं, आणि ताणा अजून अर्धाही वाळला नव्हता.